तीन खिंडी, एक दिवस आणि गारठलेली बोटे

फुर्का खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. जुलैचा पहिला आठवडा, लख्ख ऊन, समोर बर्फाची शिखरे. नवऱ्याने हेल्मेटचा पट्टा सोडवण्यासाठी हात गळ्याशी नेले. पट्टा काही सुटेना. दोनदा बोटे घसरली. तिसऱ्यांदा त्याने हनुवटी माझ्यापुढे केली आणि म्हणाला, ‘‘अगं, तूच काढ. याचं बक्कल बिघडलंय वाटतं.’’

बक्कल ठीक होते. बिघडली होती ती बोटे. आणि हीच बोटे गेला अर्धा तास पुढचा ब्रेक सांभाळत होती.

मी पेशाने डॉक्टर आहे आणि मोटरसायकलवर कायमची मागच्या सीटवरची प्रवासी. आल्प्समधल्या त्या एका दिवसाबद्दल मित्रमंडळी विचारतात तेव्हा नवरा वळणांबद्दल बोलतो. मला मात्र त्या दिवशी त्याच्यात होत गेलेले बदल आठवतात. डोंगरातल्या रस्त्यावर वळण समोर दिसते, त्यासाठी आपण सावधही असतो. थंडी, आवाज, थकवा आणि सवय यांनी शरीरात केलेले फेरफार दिसत नाहीत, आणि ज्याच्यात ते होतात त्याला सर्वांत शेवटी कळतात. हल्ली पुण्या-मुंबईहून युरोपात जाऊन भाड्याने मोटरसायकल घेणारे बरेच जण भेटतात. त्यांतले अनेक जण आमच्यासारखे पन्नाशीतले असतात. त्यांच्यासाठी हा लेख.

दिवसभरात साडेतीन हजार मीटर चढ

आम्ही निवडलेली वाट स्वित्झर्लंडमधली प्रसिद्ध तीन खिंडींची फेरी होती. अँडरमॅट या गावातून निघायचे, फुर्का खिंड (2429 मीटर) ओलांडून ग्लेच या वस्तीपर्यंत उतरायचे, लगेच ग्रिम्झेल खिंड (2164 मीटर) चढायची, पलीकडे इनर्टकिर्शेनपर्यंत खाली जायचे, तिथून झुस्टेन खिंड (2224 मीटर) चढून वासेन गावात उतरायचे आणि घळीतून पुन्हा अँडरमॅट. अंतर सुमारे 120 किलोमीटर. पुण्याहून महाबळेश्वर साधारण तेवढेच, त्यामुळे नकाशावर ही सहल किरकोळ वाटते.

फरक उंचीत आहे. अँडरमॅटच महाबळेश्वरपेक्षा थोडे उंच, सुमारे 1440 मीटरवर आहे. म्हणजे आपला सर्वांत उंच घाटमाथा जिथे संपतो तिथे हा दिवस सुरू होतो. सगळे चढ एकत्र केले तर बेरीज सुमारे 3500 मीटर होते. कळसूबाई दोनदा चढल्यावरही थोडी उरेल एवढी. इनर्टकिर्शेन तर अवघ्या 625 मीटरवर आहे. त्यामुळे एकाच दिवसात शरीर थंडीतून उकाड्यात आणि उकाड्यातून पुन्हा थंडीत जाते.

उंची वाढली की हवा विरळ होते. फुर्काच्या माथ्यावर हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. हा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जास्तीत जास्त साधारण 2400 मीटर उंचीइतका उतरू दिला जातो. म्हणजे मुंबईहून झुरिकला जाताना आपण तासन्‌तास जवळपास फुर्काच्या हवेतच बसलेलो असतो. निरोगी माणसाला तिथे पायऱ्या चढताना थोडी धाप लागेल, इतकेच. डोंगराचा आजार सहसा 2500 मीटरच्या वर मुक्काम केल्यावर त्रास देतो. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षयाचा त्रास आहे त्यांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

विरळ हवेचा परिणाम इंजिनावरही होतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण जुळवून घेते, पण कमी ऑक्सिजनमध्ये ताकद कमीच मिळते. डबलसीट, सामान आणि चढ अशा वेळी ओव्हरटेक करताना हे लक्षात घ्यावे लागते.

थंडीचे गणित

आता त्या बक्कलाकडे वळू. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. सकाळी अँडरमॅटला 12 अंश असतील तर फुर्कावर पाच-सहा अंश. एवढी थंडी आपण महाबळेश्वरलाही सोसतो. पण मोटरसायकलवर वारा मिसळतो. अंगाभोवती आपण तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत हिसकावून नेतो. हवामानशास्त्रातल्या प्रचलित सूत्रानुसार पाच अंश तापमानात ताशी 60 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला तो सुमारे उणे दोन अंशांसारखा झोंबतो.

शरीर अशा वेळी आधी हृदय, फुप्फुसे, मेंदू सांभाळते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांची त्वचा 15 अंशांच्या खाली गेली की बारीक कामे जमेनाशी होतात, स्नायू आखडतात, मज्जातंतूंमधून संदेश हळू जातो. ब्रेक दाबता येतो, पण किती दाबला गेला हे बोटांना नीट कळत नाही. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर नेमका हाच अंदाज हवा असतो.

यावर एक सोपी चाचणी आहे, गिर्यारोहक ती वापरतात. हातमोजा काढून अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायचा. सहज टेकला तर ठीक. टेकवायला कष्ट पडले तर हात गरम झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. नवऱ्याचा उजवा अंगठा करंगळीपर्यंत पोचला, पण थरथरत. आम्ही 20 मिनिटे थांबलो. त्याने हात काखेत धरले, थर्मासमधला चहा प्यायला, आणि मी त्याच्या जॅकेटच्या आत छातीवर हॉटेलातून आणलेले वर्तमानपत्र घडी करून घातले. हा उपाय जुना आहे. सायकल शर्यतींतले स्पर्धक आल्प्सच्या खिंडी उतरताना जर्सीत वर्तमानपत्र कोंबत असत. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. छाती गरम राहिली की शरीर हातांकडे पुन्हा रक्त सोडते. म्हणून बोटे गारठली तर केवळ जाड हातमोजे पुरत नाहीत, धड आणि मान झाकावी लागते.

नजर जिथे, गाडी तिथे

फुर्कावरून पश्चिमेकडे उतरताना रस्ता डोंगराला घडीवर घडी घालत जातो. याच उतारावर 1964 च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटाचे चित्रीकरण झाले होते. एका वळणावर बंद पडलेले बेल्व्हेडेअर हॉटेल उभे आहे आणि त्याच्या मागे ऱ्होन हिमनदी. एकोणिसाव्या शतकात या हिमनदीचे टोक खाली ग्लेचच्या खोऱ्यापर्यंत पोचत होते. आता ते आक्रसून वर गेले आहे आणि उन्हाळ्यात बर्फाच्या गुहेजवळचा भाग वितळू नये म्हणून त्यावर पांढरी कापडे अंथरतात. मोटरसायकलवाल्याच्या दृष्टीने वितळत्या बर्फाचा आणखी एक अर्थ आहे. ते पाणी दुपारी रस्त्यावर येते, आणि थंड रात्रीनंतर सकाळी सावलीतल्या वळणावर त्याचा पातळ, न दिसणारा बर्फ झालेला असू शकतो.

अशा हेअरपिन वळणांवर भौतिकशास्त्र कडक असते. वळताना गाडी किती झुकवावी लागेल हे वेगाच्या वर्गावर ठरते. दहा मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी 20 किलोमीटरला गाडी साधारण 17 अंश झुकते. 30 ला 35 अंश. 40 ला 50 अंशांच्याही पुढे, जे साध्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना आणि टायरांना झेपणारे नाही. म्हणजे ‘थोडासाच’ वाढलेला वेग हेअरपिनवर थोडासा नसतो. तो वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा.

दुसरा भाग नजरेचा. 1994 मध्ये मायकल लँड आणि डेव्हिड ली या शास्त्रज्ञांनी वळणावळणाच्या रस्त्यावर मोटार चालवणाऱ्यांची नजर कुठे असते ते टिपले आणि ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. चालक वळणाच्या आतल्या कडेवर एका विशिष्ट बिंदूकडे पाहत होते, आणि स्टिअरिंग फिरवण्याच्या एक-दोन सेकंद आधीच नजर तिथे जात होती. हात नजरेच्या मागून जातात. म्हणूनच घाबरलेला चालक दरीकडे किंवा समोरच्या बसकडे टक लावतो तेव्हा गाडीही तिकडेच ओढली जाते. फुर्काच्या जुन्या भागात कठडा म्हणून रस्त्याकडेला ठिकठिकाणी नुसते दगडी खुंट आहेत. त्यांच्याकडे न पाहता वळणाच्या बाहेर पडण्याच्या दिशेने पाहायचे, ही सवय आधी सपाट मैदानावर करून घ्यायला हवी.

आपल्यासाठी यात एक खास अडचण आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून घाटात डावे वळण आपल्याला अरुंद आणि उजवे ऐसपैस मिळते. तिथे वाहतूक उजवीकडून असल्याने हे उलटे होते. उजवे वळण अरुंद असते आणि चढावर नकळत समोरच्याच्या लेनमध्ये जाऊन मोठे वळण घ्यावेसे वाटते. डाव्या वळणावर चाके आपल्या लेनमध्ये असली, तरी झुकलेले डोके आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातो. शेजारच्या ऑस्ट्रियात काही डोंगरी वळणांवर मधल्या रेषेलगत पांढऱ्या खुणा रंगवून पाहिल्या आहेत; रंगावरून चाक घसरेल या धास्तीने मोटरसायकलवाले आपोआप बाहेरच्या बाजूला राहतात. जिथे खुणा नाहीत तिथे ही शिस्त स्वतःच पाळायची.

स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबस धावतात. आंधळ्या वळणावर त्या तीन सुरांचा भोंगा वाजवतात. निळ्या फलकावर पिवळा भोंगा रंगवलेला दिसला की समजायचे, इथे बसला आधी वाट आहे आणि तिचा चालक सांगेल तसे थांबायचे किंवा मागे घ्यायचे. भोंगा ऐकला की आम्ही वळणाच्या अलीकडे थांबत होतो.

उतार, ब्रेक आणि कान

ग्लेचहून ग्रिम्झेल चढायला थोडाच वेळ लागला. माथ्यावरच्या तळ्याचे नाव टोटेनझे, म्हणजे मृतांचे तळे. पलीकडे ग्रॅनाइटच्या गुळगुळीत कड्यांमध्ये धरणांचे जलाशय आहेत. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे त्यांचे पाणी राखाडी-हिरवे दिसते. इथून इनर्टकिर्शेनपर्यंत दीड हजार मीटरहून जास्त उतार.

गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरले, तर एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे 15 लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क तापते, ब्रेकचे तेल उकळते आणि ब्रेकचा दांडा पोकळ लागू लागतो. जुने तेल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे लवकर उकळते. डॉट 4 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असायला हवा. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा 155 आहे. म्हणून भाड्याची गाडी घेताना ब्रेकचे तेल केव्हा बदलले ते विचारावे, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. ब्रेक ठरवून, थोडा वेळ आणि पुरेसा दाबावा. सतत पाय टेकवून ठेवू नये.

याच उतारावर माझे कान दडे. कानाच्या पडद्यामागची हवा एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. खाली येताना बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो आणि नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. आवंढा गिळणे, जांभई देणे, गोळी चघळणे एवढ्याने बहुधा भागते. सर्दी असेल तर नळी सुजलेली असते, कान दुखतात आणि तोलही जातो. अशा दिवशी मोठा उतार टाळलेला बरा. सर्दीच्या आणि गाडी लागण्याच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. मागे बसणाऱ्याने त्या घेतल्या तर चालेल, चालवणाऱ्याने नाही.

कानाचा आणखी एक शत्रू म्हणजे वारा. ताशी 60 किलोमीटरलाही हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सुमारे 90 डेसिबलपर्यंत जातो. दिवसभर तो झेलला तर रात्री कानात शिट्टी वाजते आणि त्याआधी मेंदू थकतो. फोमची कानातली बोंडे स्वस्त आहेत. वाऱ्याचा घोंगाट कमी करतात, भोंगा ऐकू देतात. आवाजाची दुसरी बाजूही आहे. खोऱ्यात राहणाऱ्यांची झोप आणि शांतता मोटरसायकलींच्या गर्जनेने जाते. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतातल्या रॉयटे जिल्ह्यात 2020 पासून उन्हाळ्यात 95 डेसिबलपेक्षा जास्त नोंदणीकृत आवाज असलेल्या मोटरसायकलींना ठरावीक रस्त्यांवर बंदी आली ती याच तक्रारींतून.

दुपारचे दोन

इनर्टकिर्शेनला 27 अंश होते. जॅकेट काढली, आणि तेव्हा कळले की सकाळपासून दोघांनी मिळून जेमतेम एक लिटर पाणी प्यायलो होतो. डोंगरातली हवा कोरडी असते, वाऱ्यात घाम लगेच उडून जातो, म्हणून तहान कळत नाही. थोडेसे पाणी कमी पडले तरी डोके दुखते आणि एकाग्रता घसरते. उन्हाचेही तसेच. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गार वाऱ्यात नाक, ओठ आणि मानेची मागची बाजू भाजते तेव्हा काही वाटत नाही.

जेवायला नवऱ्याने चीज घातलेली रोश्टी घेतली आणि बिअरच्या यादीकडे पाहिले. तिथे कायद्याची मर्यादा आपल्यापेक्षा थोडी सैल आहे, प्रति हजार अर्धा. ‘‘एक छोटी तर चालते,’’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘‘अरे, कायद्याला चालते. झुस्टेनला विचारलंस का?’’ त्याने सफरचंदाचा रस मागवला.

दुपारी दोन ते चार या वेळेत शरीराचे घड्याळच जरा मंदावते. जड जेवण त्यात भर टाकते. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. प्रतिसाद अर्धा सेकंद उशिरा आला तर आठ मीटर जास्त, म्हणजे हेअरपिनची अख्खी रुंदी. यावर उपाय सोपा आहे: कॉफी घ्यायची आणि लगेच 20 मिनिटे डुलकी काढायची. कॉफीचा अंमल सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आम्ही झाडाखाली जॅकेटची उशी करून पडलो. निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि पूर्वेकडच्या शिखरांवर फुलकोबीसारखे ढग चढले होते.

इथे आम्ही चुकलो. उन्हाळ्यात आल्प्सच्या खोऱ्यांतली तापलेली हवा दुपारी वर चढते आणि संध्याकाळकडे वादळी पाऊस कोसळतो. सर्वांत उंच चढ सकाळी उरकायचा, हा तिथला साधा नियम आहे. आमचा सर्वांत मोठा चढ, 1600 मीटरचा, दुपारसाठी उरला होता.

झुस्टेनचा बोगदा

झुस्टेनचा रस्ता 1938 ते 1946 या काळात खास मोटारींसाठी आखून बांधला गेला. वळणे मोकळी, चढ समंजस. नवरा खुशीत होता. श्टाइन हिमनदी दिसू लागली तसे पावसाचे थेंब आले. मी खांद्यावर थापटून रेनकोटसाठी थांबायला सांगितले. ‘‘माथा आलाच, पलीकडे घालू,’’ तो म्हणाला. पंधरा मिनिटांत आम्ही दोघे भिजलो. ओले कपडे म्हणजे कपडे नसल्यासारखेच. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते.

माथ्यावर सुमारे 300 मीटरचा बोगदा आहे. नवऱ्याच्या हेल्मेटची काच दिवसाच्या उन्हासाठी गडद होती. बोगद्यात शिरताच त्याला काही दिसेनासे झाले आणि गाडी डगमगली. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण पडद्याला अंधाराशी जुळवून घ्यायला काही मिनिटे लागतात, आणि पन्नाशीनंतर दोन्ही गोष्टी मंदावतात. बोगद्याआधी वेग कमी करणे, काच वर करणे किंवा साधी काच ठेवणे एवढेच हाती असते.

पलीकडे मोकळ्या जागेत आम्ही थांबलो आणि रेनकोट चढवले. त्याच्या हातून किल्ली दोनदा पडली. मी काही विचारले तर तुटक उत्तर आले, ‘‘काही होत नाही, बस तू.’’ दिवसभर गप्पा मारणारा माणूस एकदम गप्प आणि चिडका झाला होता. शरीराचे आतले तापमान घसरू लागल्याची लक्षणे आम्ही विद्यार्थ्यांना अशीच शिकवतो: वस्तू हातून सुटणे, पाय अडखळणे, बोलणे पुटपुटणे, चिडचिड. मी ती शिकवते, आणि त्या क्षणी मीही गाडीवर बसले, कारण मलाही लवकर खाली पोचायचे होते.

तो रस्त्यावर आला आणि डाव्या बाजूला लागला.

तीस वर्षांची सवय होती. दिवसभर त्याने ती जाणीवपूर्वक दाबून ठेवली होती. असे दाबून ठेवायला मेंदूला मेहनत पडते. दमलेला, गारठलेला मेंदू ती मेहनत सोडतो आणि जुन्या वाटेवर जातो. अशी चूक वाहत्या रस्त्यावर क्वचित होते, कारण समोरची वाहने आठवण देतात. ती होते थांब्यावरून निघताना, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर. मी ‘‘उजवीकडे!’’ म्हणून ओरडले. तो उजवीकडे आला आणि काही सेकंदांत धुक्यातून एक मोटार आमच्या डावीकडून गेली.

त्यानंतर आम्ही दोघेही बोललो नाही. खाली मायन खोऱ्यात पहिले छोटे हॉटेल दिसले तिथे गाडी लावली. ओले कपडे काढले, कोरडे घातले, साखर घातलेला गरम चहा दोन-दोन कप घेतला. शेजारच्या टेबलावरून कुणी ब्रँडी सुचवली. मी नको म्हटले. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. अर्ध्या तासाने नवऱ्याने हात पुढे केला आणि न सांगता अंगठा करंगळीला टेकवून दाखवला. नंतर म्हणाला, ‘‘मी डाव्या बाजूला गेलो होतो, हे मला तू ओरडेपर्यंत कळलंच नव्हतं.’’

हे वाक्य मला त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो बेफिकीर नव्हता, वेगातही नव्हता. त्याला कळलेच नव्हते. ज्या मेंदूने धोका ओळखायचा तोच गारठला आणि थकला, तर ‘मला ठीक वाटतंय’ या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून निर्णय आधी, सकाळी, उबेत बसून घ्यावे लागतात, आणि ते पाळायला लावायचा अधिकार सोबतच्या माणसाला द्यावा लागतो. आम्ही आता तसे करतो. मागच्या सीटवरून दोनदा थापटले की गाडी थांबते. त्यावर चर्चा नसते.

पाऊस थांबल्यावर, साडेसहाला, आम्ही वासेनला उतरलो आणि शेलेनेनच्या घळीतून अँडरमॅटला पोचलो. रस्ते ओले होते, हवा धुतलेली. वळणे सकाळसारखीच सुंदर होती.

जाणाऱ्यांसाठी

• मोठा चढ सकाळी ठेवा. दुपारी ढग वाढताना दिसले तर खिंड सोडा. रेल्वे, बस किंवा मुक्काम हे पर्याय आधीच पाहून ठेवा.

• दर तासाला थांबा. पाणी प्या, थोडे खा, अंगठा-करंगळी चाचणी करा.

• रेनकोट पहिल्या थेंबाला घाला. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

• थांब्यावरून निघताना दर वेळी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणा. डाव्या आरशावर रंगीत चिकटपट्टीचा बाण लावला तर आणखी बरे.

• मधुमेहींनी साखर तपासून निघावे. साखर उतरल्यावरही हात थरथरतात, चिडचिड होते; ती थंडीची लक्षणे समजून दुर्लक्ष होऊ शकते. खिशात गोड काहीतरी असू द्या.

• प्रवासविम्यात मोटरसायकल चालवणे धरले आहे का, आणि किती क्षमतेच्या इंजिनापर्यंत, ते शब्दशः वाचा.

• स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी 144, डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या ‘रेगा’साठी 1414 आणि युरोपभर 112 हे क्रमांक मागे बसणाऱ्याच्या फोनमध्येही असू द्या.